बेरीज कोणत्या भाषेत?

मुलांनो, मनातल्या मनात बेरीज कोणत्या भाषेत करता? आमच्या घरी तरी इंग्रजीत. (आई-बाबासुद्धा, हे कबूल!)

लक्झेंबर्गला १९५३ साली पहिली युरोपियन शाळा निघाली, ती तिथे नोकरीला आलेल्या पालकांच्या खटपटीमुळे. या शाळांत जर्मन, फ्रेंच, इटालियन मुले गणित आपापल्या भाषेत शिकतात. वरच्या वर्गांत इतिहास-भूगोल मात्र दुसऱ्या भाषेत, सगळी एकत्र बसून.

आपल्याला शाळेत ती सोय नाही. म्हणून घरी छान मराठी बोलणारी मुलेही 'एकोणपन्नास' म्हटले की अडतात. खरे तर तो शब्दच वजाबाकी सांगतो: 'एकोण' म्हणजे एक कमी.

गृहपाठ: सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच म्हणजे किती, ते आजी-आजोबांना फोनवर विचारा आणि आकड्यांत लिहून आणा. पालकांनी सांगू नये!