दंतवल्काची सूक्ष्म रचना आणि सहाव्या वर्षाची दाढ

‘दात हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण भाग होय’, हे वाक्य परिसर अभ्यासाच्या पाठात आपण सारेच सांगतो व मुले ते पाठही करतात. परंतु इतका कठीण दात किडतो कसा, आणि मोडलेले हाड सांधते तसा किडलेला दात भरून का येत नाही, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर आपल्याला क्षणभर थांबावे लागते. याचे उत्तर दाताच्या सर्वांत वरच्या थरात, म्हणजे दंतवल्कात आहे. यालाच आपण एनॅमल म्हणतो.

दंतवल्काची जाडी दाढेच्या उंचवट्यांवर सुमारे २.५ मिलिमीटर असते व हिरडीकडे ती कमी होत जाते. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असून ते खनिज मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांचे बनलेले असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास असंख्य बारीक दंड एकमेकांना खेटून उभे असलेले दिसतात. हे दंड आतल्या दंतिनाच्या थरापासून दाताच्या पृष्ठभागाच्या दिशेने जातात. त्यांची जाडी इतकी अल्प असते की, १ मिलिमीटरमध्ये सुमारे २०० ते २५० दंड बसावेत. प्रत्येक दंडात त्याहूनही कितीतरी बारीक स्फटिक दाटीने रचलेले असतात. आतल्या भागात दंडांचे जुडगे एकमेकांना तिरके छेदून जातात. त्यामुळे पडलेली भेग सरळ आत न जाता वळते व अडते.

हे दंड घडविणाऱ्या पेशी दररोज सुमारे ४ सहस्रांश मिलिमीटर इतकाच थर चढवितात. झाडाच्या खोडात वर्षवलये दिसावीत, तशा दंतवल्कात सामान्यतः ८-९ दिवसांच्या अंतराने ठळक रेषा दिसतात. १८३७ मध्ये त्यांचे वर्णन करणाऱ्या स्वीडिश शरीरशास्त्रज्ञ रेट्सियस यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. दुधाच्या दातांत तर बालकाच्या जन्माची खूणही एका रेषेच्या रूपाने उमटलेली असते.

आता मुख्य गोष्ट. दात हिरडीबाहेर आला की, दंतवल्क घडविणाऱ्या या पेशी नष्ट होतात. हाडात जिवंत पेशी असतात, म्हणून ते सांधते. दंतवल्कात त्या उरत नाहीत. गोड व पिठूळ पदार्थांचे कण दातांत अडकले की, जंतू त्यांपासून आम्ल तयार करतात. तेथील सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की, खनिज विरघळू लागते. अल्पशी झीज लाळेतील क्षारांनी भरून निघते. परंतु एकदा पडलेले भोक निसर्ग बुजवीत नाही.

मी नवखा शिक्षक असताना पहिलीतील एका मुलीच्या वडिलांनी तिची दुखरी दाढ मला दाखविली. ‘दुधाची आहे, पडेल आणि नवी येईल,’ असे मी खात्रीने सांगितले. ती चौथीत असताना ती दाढ काढावी लागली. तिच्या जागी दुसरी आली नाही, कारण ती कायमची दाढ होती. ही दाढ सुमारे सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता निमूटपणे उगवते. म्हणूनच पालकांची, आणि माझ्यासारख्या शिक्षकांचीही, फसगत होते. तिच्यावरील खाचा खोल असतात व नव्याने उगवलेले दंतवल्क पुरते पक्व झालेले नसते. त्यामुळे ती लवकर किडते.

वर्गात हा पाठ घेताना पुढील गोष्टी कराव्यात :

१. कडब्याची पेंढी घट्ट बांधून उभी धरावी. एकेक ताट म्हणजे दंतवल्काचा एकेक दंड, असे मुलांना दाखवावे.

२. अंड्याचे कवच एक दिवस व्हिनेगरमध्ये ठेवावे. ते मऊ पडते. कवचाचे खनिज दाताच्या खनिजाहून वेगळे आहे, हे सांगावे. मात्र आम्ल दोहोंनाही विरघळविते.

३. मुलांना आरशात पाहून, मधल्या दातापासून एका बाजूस मागे मोजावयास सांगावे. पहिलीच्या वयात दुधाच्या पाच दातांच्या जागांमागे सहावा दात दिसल्यास ती कायमची दाढ होय. दोन्ही जबड्यांत मिळून अशा चार दाढा येतात.

४. शालेय पोषण आहारानंतर सर्वांनी खळखळून चूळ भरावी. सकाळी व रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. विटेची भुकटी दंतवल्क झिजविते. मिश्री ही तर तंबाखूच होय.

दाढेवर काळा ठिपका किंवा खळगा दिसल्यास पालकांना बोलावून मुलास दंतवैद्याकडे नेण्यास सांगावे. वेळीच भरलेली दाढ वर्षानुवर्षे टिकू शकते. पालक सभेत ‘ही दाढ पुन्हा येत नाही’ हे एक वाक्य जरी आपण स्पष्टपणे सांगितले, तरी हा पाठ पुस्तकाबाहेर पोहोचला, असे समजावे.