बापाची दारू मुलाच्या रक्तात उतरते का?

भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला एक प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी हमखास ऐकावा लागतो. विचारणारी बहुधा आई असते. नवरा दारूपायी खंगलेला, आणि मुलाने नुकताच आयटीआय पुरा करून कंत्राटावर काम धरलेले. मुलाला बाहेर बसवून ती हळूच विचारते, ‘‘डॉक्टरसाहेब, आजाला होती, बापाला आहे. आता पोराच्या रक्तातपण उतरणार का हो?’’

या प्रश्नाला ‘हो’ म्हटले तर ते खोटे, आणि ‘नाही’ म्हटले तर तेही खोटे. म्हणून आज जरा सविस्तर सांगतो. त्यासाठी आधी मेंदूत डोकवावे लागेल.

१९५४ साली कॅनडातील माँट्रियल येथे ओल्ड्स आणि मिल्नर हे दोन शास्त्रज्ञ उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून सौम्य वीज देण्याचे प्रयोग करीत होते. एका उंदराच्या मेंदूत ती तार ठरल्यापेक्षा वेगळ्याच जागी बसली. पिंजऱ्याच्या ज्या कोपऱ्यात त्याला विजेचा झटका मिळे, त्याच कोपऱ्यात तो उंदीर पुन्हा पुन्हा येऊ लागला! पुढे उंदरांना स्वतःच दाबता येईल अशी कळ दिली, तेव्हा ते तासाला शेकडो वेळा कळ दाबत राहिले. मेंदूत सुखाची, बक्षिसाची एक खास वाट आहे हे या प्रयोगातून कळले. ही वाट काही व्यसनासाठी निर्माण झालेली नाही. भुकेल्याला भाकरी गोड लागावी, आईला लेकरू जवळ घ्यावेसे वाटावे, यासाठी ती आहे. या वाटेवर एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे निरोप नेणारे जे मुख्य रसायन आहे, त्याचे नाव डोपामाईन. दारू, तंबाखूतील निकोटीन, गर्द, गांजा यांचे मार्ग निरनिराळे, पण शेवटी सगळी याच वाटेवर येऊन डोपामाईन वाढवतात.

डोपामाईन म्हणजे सुख, असे सर्रास छापून येते. ते अर्धेच खरे आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात माकडांवर केलेले प्रयोग मला फार बोलके वाटतात. माकडाला फळाच्या रसाचा थेंब मिळाला की त्याच्या मेंदूतील डोपामाईनच्या पेशी उत्तेजित होत. मग रसाच्या आधी दरवेळी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांत त्या पेशी रस मिळाल्यावर उत्तेजित व्हायच्या थांबल्या आणि दिवा लागताच होऊ लागल्या. दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर त्या नेहमीपेक्षाही मंदावत. म्हणजे हे रसायन मुख्यतः ‘आता मिळणार’ या आशेचे आहे.

आता आपल्याकडे पाहा. रसाचा थेंब म्हणजे दारू. दिवा कोणता? पगार जमा झाल्याचा मोबाईलवरचा संदेश, दुसरी पाळी सुटल्यावर रस्त्यावर दिसणारी पाटी, ‘बसायचं का?’ म्हणणारा मित्र. दारू पोटात जायच्या आधीच मेंदू कामाला लागलेला असतो. घरून शपथ घेऊन निघालेला माणूस चौकात पोचताच कसा बदलतो, याचे बायकांना नवल वाटते आणि रागही येतो. शपथ घेताना तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही.

व्यसन जुने झाले की आणखी एक गोष्ट घडते. रोजच्या माऱ्याने पेशींवरील डोपामाईन झेलणारी ठिकाणे कमी होतात. मग मुलाचा निकाल, सणाचा स्वयंपाक, क्रिकेटचा सामना, कशातच रस वाटत नाही. गंमत अशी, की दारूतली मजाही उरत नाही, फक्त ओढ उरते. ‘‘आता काय मजा येत नाय डॉक्टर, पण घ्यावीच लागते,’’ असे सांगणारे रुग्ण अगदी खरे बोलत असतात.

एक लेथवरचा कारागीर मला म्हणाला होता, ‘‘सकाळी नाइन्टी मारल्याशिवाय हात थांबत नाय. मारली की मायक्रोमीटर बरोबर धरता येतो.’’ दारूने हात स्थिर कसा होईल, असे वाचकांना वाटेल. पण मेंदूत ‘गाबा’ नावाचे रसायन ब्रेकचे काम करते आणि ‘ग्लुटामेट’ हे अॅक्सिलरेटरचे. दारू ब्रेक दाबते. रोज ब्रेक दाबलेला असला की मेंदू गाडी चालू ठेवण्यासाठी अॅक्सिलरेटर वाढवून ठेवतो. रात्रीची दारू सकाळी उतरते, ब्रेक सुटतो, अॅक्सिलरेटर मात्र तसाच. म्हणून थरथर, घाम, धडधड. अशा माणसाची दारू घरच्यांनी कोंडून एकदम बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन तो भिंतीवर किडे दिसतात म्हणू लागतो. उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही येतो. तेव्हा रोज भरपूर पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. आणखी एक सांगून ठेवतो. अशा रुग्णाला अशक्तपणासाठी नुसते ग्लुकोजचे सलाईन लावून घेऊ नका. त्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व फार कमी असते, ते आधी द्यावे लागते. नाहीतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. बाप पितो आणि मुलगाही पिऊ लागतो, तेव्हा दोष रक्ताचा की घरात रोज पाहिल्याचा? हे वेगळे काढण्यासाठी डेन्मार्कमध्ये एक चांगला अभ्यास झाला. दारुड्या आईबापांची, पण लहानपणीच परक्या घरी दत्तक गेलेली मुले गुडविन आणि सहकाऱ्यांनी शोधून काढली. १९७३ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. या मुलांपैकी सुमारे १८ टक्के पुढे मद्याच्या आहारी गेले होते. ज्यांचे जन्मदाते दारुडे नव्हते, अशा दत्तक मुलांत हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. बाप डोळ्यांनी पाहिलेलाही नाही, तरी धोका जवळजवळ चौपट! म्हणजे रक्तातून काहीतरी उतरते, हे खरेच.

पण तोच आकडा उलट बाजूने वाचा. शंभरातील ८२ मुले दारुडी झाली नाहीत. जुळ्यांचे पुढचे अभ्यासही असेच सांगतात. माणसामाणसांत व्यसनाधीनतेचा जो फरक दिसतो, त्याचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक आहे आणि उरलेला परिस्थितीचा. ‘निम्मा’ म्हणजे दोन मुलांपैकी एक बिघडणार, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

मग ते जनुक कोणते? १९९० साली अमेरिकेत ब्लूम व नोबल यांनी डोपामाईन झेलणाऱ्या एका ग्राहकाशी संबंधित जनुकाचा प्रकार दारुड्यांत जास्त सापडतो, असे जाहीर केले. ‘दारूचे जनुक सापडले’ अशा बातम्या झळकल्या. इतरांनी पडताळले तेव्हा कुठे जमले, कुठे जमले नाही. पुढे तर तो बदल मुळात शेजारच्याच जनुकात असल्याचे आढळले. आज आपल्याला ठाऊक आहे, की शेकडो जनुके प्रत्येकी तीळभर वाटा उचलतात. तेव्हा रक्त किंवा थुंकी तपासून ‘तुमचा मुलगा व्यसनी होणार का’ हे सांगतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नयेत. माझ्या मते तेवढे काम कुडमुड्या जोशीही करील, आणि स्वस्तात.

त्यापेक्षा साधी खूण पाहा. ‘‘मला कितीपण पाजा, चढतच नाही,’’ अशी फुशारकी मारणारा एक तरी मित्र प्रत्येक टोळक्यात असतो. सॅन दिएगोचे डॉ. मार्क शुकिट यांनी दारुड्या वडिलांच्या विशीतल्या मुलांना ठराविक दारू देऊन त्यांना किती चढते हे मोजले आणि सुमारे दहा वर्षांनी त्यांना पुन्हा गाठले. ज्यांना कमी चढली होती, त्यांतील निम्म्याहून अधिक मद्याधीन झाले होते. ज्यांना लवकर चढली, त्यांतील सातांत एक. हा गुणही बराचसा आनुवंशिक असतो. न चढणारा गडी ताकदवान समजला जातो. खरे तर त्याच्या शरीरातली धोक्याची घंटाच वाजत नाही, म्हणून तो जास्त पितो.

याच्या उलट प्रकारही आहे. चीन, जपान, कोरियातील बऱ्याच लोकांत दारूचे पचन करणारे एक विकर जन्मतः निकामी असते. घोटभर प्यायले की तोंड लालबुंद होते, मळमळते, छाती धडधडते. असे लोक सहसा दारूच्या नादी लागत नाहीत. आपल्याकडे हा प्रकार फार क्वचित आढळतो. पण हीच अवस्था औषधाने आणता येते, आणि त्याचा शोध आपल्या औद्योगिक पट्ट्याला शोभेल असा कारखान्यातून लागला. रबर पक्के करण्याच्या रसायनांत काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, असे १९३७ साली एका अमेरिकन कारखान्याच्या डॉक्टरने लिहून ठेवले. १९४८ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी त्याच जातीचे डायसल्फिराम हे औषध दारू सोडवण्यासाठी पुढे आणले. ते आजही वापरात आहे.

मात्र हे औषध रुग्णाच्या संमतीनेच द्यावयाचे असते. ‘पिणाऱ्याला न कळवता दारू सोडवा’ अशा जाहिराती पाहून भगिनी पुडी आणतात आणि भाजीत, चहात कालवतात. पुडीत काय आहे हे लिहिलेले नसते. त्यात हेच औषध असेल आणि त्यावर त्याने दारू घेतली, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. हृदयविकार असलेल्याचा प्राणही जाईल. कृपा करून असे करू नका. नालट्रेक्सोन हे दुसरे औषध दारूतून मिळणाऱ्या सुखाची वाटच अडवते. दारूच्या व्यसनासाठी त्याला अमेरिकेत १९९४ साली मान्यता मिळाली. तेही डॉक्टरांनी यकृत तपासूनच द्यायचे.

तंबाखूबद्दल थोडक्यात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १४ टक्के दारू घेतात, तर तंबाखू सुमारे ३४ टक्के. निकोटीनचे पचन सावकाश की भराभर हेही जनुकांवर ठरते. ज्याचे भराभर होते त्याला तलफ लवकर येते. रात्रपाळीत ‘झोप येऊ नये म्हणून’ लावलेली चिमूट दिवसपाळीतही सुटत नाही, ती त्यामुळेच.

उरलेला निम्मा भाग परिस्थितीचा. व्हिएतनाम युद्धात अनेक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या विदुषीने १९७० च्या दशकात त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतील फार थोडे पुन्हा व्यसनात अडकल्याचे दिसले. जागा बदलली, सोबत बदलली, ‘दिवा’ लागायचा थांबला. आपल्या मुलांचे याच्या उलट होते. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेला पोरगा एका खोलीत सहाजणांबरोबर राहतो. विचारणारे कोणी नाही, पाळ्या बदलत्या, झोप मोडलेली, आणि थकवा घालवायचा एकच ठाऊक असलेला उपाय कोपऱ्यावर.

पुण्याला येरवड्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. रुग्णाला तिथे काही आठवडे ठेवून घेतात. त्यानंतरचा पाठपुरावा आणि कुटुंबाशी बोलणे यांवरही भर असतो, तो याच कारणाने. औषधाने थरथर थांबते, पण चौक तोच असतो. घरी आल्यावर पहिले काही महिने येण्याजाण्याचा रस्ता बदलावा, पगाराचे पैसे काही काळ घरच्यांच्या हाती द्यावेत, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेला जावे. ती फुकट असते. एकदा पाय घसरला म्हणजे सगळे वाया गेले, असेही समजू नये. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण उपचार सोडतो का?

आणि त्या आईला मी काय सांगतो? मुलाला आत बोलवा. घरात मधुमेह असला तर आपण त्याला साखर जपून खा म्हणतो ना, तसेच हेही त्याला उघड सांगा. पहिला घोट जितका उशिरा तितके बरे. पंधराव्या वर्षाआधी सुरुवात करणाऱ्यांत व्यसनाचे प्रमाण एकविसाव्या वर्षानंतर सुरू करणाऱ्यांच्या सुमारे चौपट असल्याचे अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत १९९७ साली दिसले. त्याने अजिबात सुरुवात केली नाही तर उत्तमच. पण केली असेल तर त्याला ‘तुला चढते का?’ हे जरूर विचारा. ‘नाही’ असे उत्तर आले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे लवकर न्या. जवळ कोणी नसल्यास शासनाचे १४४४६ (व्यसनमुक्ती) आणि १४४१६ (मानसिक आरोग्य) हे क्रमांक आहेत. फोनला पैसे पडत नाहीत.