दुकान बसतंय, हे मुलांना कळतं

आईबाबांनो, जव्हारजवळच्या शिरपामाळावर मुलांना नेलंत की गोष्ट ठरलेली असते. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारचे राजे विक्रमशाह भेटीला आले आणि त्यांनी महाराजांच्या मस्तकी शिरपेच खोवला, असं सांगतात. मुलं खूश होतात. एखादं मात्र विचारतं, "सुरतेत ज्यांचं लुटलं, त्यांचं पुढे काय झालं?"

"चल, फोटो काढू" म्हणून हा प्रश्न उडवू नका. सुरतेच्या वीरजी व्होरांचं नाव सांगा. मिऱ्याच्या व्यापारातलं बडं प्रस्थ. इंग्रजांची कंपनीसुद्धा त्यांच्याकडून कर्ज घेई. १६६४ च्या जानेवारीत त्यांचं घर लुटलं गेलं. व्यापार लगेच बुडाला नाही, पण १६७० नंतर हे नाव कागदपत्रांतून दिसेनासं होतं. सुरत म्हणजे मुघलांचं श्रीमंत बंदर, हे महाराजांच्या स्वारीमागचं कारणही सांगा. दोन्ही गोष्टी मुलांच्या डोक्यात सहज मावतात.

लुटीची गोष्ट सांगणं त्या मानानं सोपं. हळूहळू खचणाऱ्या घराचं काय? टोमास मान यांची 'बुडेनब्रूक्स' (१९०१) ही ल्यूबेकच्या धान्यव्यापारी घराण्याच्या चार पिढ्यांची कादंबरी; २००८ मध्ये हाइनरिख ब्रेलोर यांनी तिच्यावर चित्रपट केला. कादंबरीत लहानगा हानो घराण्याच्या वहीत आपल्या नावाखाली दुहेरी रेघ मारतो. बाप संतापतो. पोराला वाटलेलं असतं, आता पुढे काही यायचं नाही. त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं! बाप मात्र दिवसातून अनेकदा कपडे बदलून रुबाब सांभाळत असतो. मला त्या रेघेपेक्षा हे कपडेच जास्त अस्वस्थ करतात.

आपल्याकडे किराण्याचं दुकान बसत चाललेलं असतं, उधारी थकलेली असते आणि मूल खोलीत आलं की आवाज खाली जातात. क्लासची फी लांबते, सहल रद्द होते. कारण म्हणून त्याचा अभ्यास पुढे केला जातो. मग मूल स्वतःलाच दोषी धरतं.

आठवी-नववीतल्या मुलाला बसवून सांगा: देणं आहे, शाळा थांबणार नाही, पण नवा मोबाइल यंदा नाही. आकडे विचारले तर ढोबळ सांगा. दुकान पुन्हा उभं करण्याची शपथ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. आणि वसुलीचा फोन वाजला की "बाबा घरी नाहीत" हे त्याच्या तोंडून वदवू नका. फोन तुम्हीच उचला.