मुलांना स्वतःचा धंदा का करावासा वाटतो?



मागच्या वर्षी आमच्या शाळेत बाल आनंद मेळावा झाला. पाचवीतल्या एका मुलाने भेळेचा स्टॉल लावला. १० रुपयांच्या २० प्लेट विकल्या, गल्ला २०० रुपये. सामान १३० चं. "सर, सत्तर नफा!" मी विचारलं, "कांदा-कोथिंबीर कुठून आणली?" म्हणाला, "घरची." मग नफा-तोट्याचा धडा फळ्यावर पुन्हा घेतला. संध्याकाळी त्याचे वडील भेटले. "सर, याला धंद्याचं वेड लावू नका. नोकरीचं काय ते बघा."

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एकलहरे म्हटलं की औष्णिक वीज केंद्र. २१० मेगावॅटचे तीन संच, शेजारी वसाहत, महिन्याला ठरलेला पगार. घरात तेच पाहिलेलं. पण जुने दोन संच केव्हाच बंद झाले, हेही मुलं ऐकतातच की.

माझ्या डी.एड.च्या वर्गाचंच सांगतो. २०१२ नंतर राज्यात शिक्षक भरती जवळपास थांबली. कुणी टीईटी देत राहिलं, कुणी झेरॉक्सचं दुकान टाकलं, कुणी मोबाइल दुरुस्ती शिकलं. हौस म्हणून नाही, घर चालवायचं म्हणून. भाषणांत 'स्वतःचे मालक व्हा' वगैरे असतं. प्रत्यक्षात पहिला धक्का बहुतेक वेळा गरजेचा असतो.

दुसरा धक्का अडचणीचा. २०१० मध्ये आपल्याकडची द्राक्षं औषधाच्या अंशामुळे युरोपात नाकारली गेली. विलास शिंदे यांनाही त्याची मोठी झळ बसली. तरी ते मागे हटले नाहीत. शेतकऱ्यांना एकत्र घेऊन त्यांनी 'सह्याद्री' उभी केली. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला तिचं काम चालतं. मुलांची सहल तिकडे न्यायला काय हरकत आहे?

तेवढं लांब नको असेल तर आपल्या गावची राख बघा. कोळसा जळाला की ती उरणारच. वीज केंद्राजवळच्या बांधकामात राखेच्या विटा वापराव्यात, असा नियम केंद्र सरकारने २००३ मध्ये काढला. राख, सिमेंट आणि खडीची कच एकत्र करून साच्यात दाबायची, मग पाणी मारत ठेवायचं. भट्टी लागत नाही. वाऱ्याने उडून आपल्या वाळवणावर बसते तीच ही राख!

यंदाच्या मेळाव्यात मी एक बदल करतोय. घरून आणलेल्या प्रत्येक वस्तूची किंमत वहीत लिहायची, आईच्या मेहनतीचीसुद्धा. भेळवाल्याच्या वडिलांनाच हिशेब तपासायला बोलावलंय. येतो म्हणालेत.