बुकरच्या यादीतली आधी कोणती वाचू?

प्रश्न : २०२४च्या बुकर लघुयादीतल्या सहाही कादंबऱ्यांचं कौतुक ऐकलं. वेळ जेमतेम दोन वाचण्याइतका आहे. कोणत्या घेऊ?

उत्तर : पर्सिव्हल एव्हरेट यांची ‘जेम्स’ आधी घ्या. मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनसोबत तराफ्यावरून पळालेला गुलाम जिम इथे स्वतः बोलतो. गोऱ्यांसमोर तो मुद्दाम मोडकीतोडकी भाषा वापरतो आणि लहान मुलांनाही ती शिकवतो, जीव वाचावा म्हणून. तो प्रसंग अंगावर येतो. ट्वेन वाचलेला नसला तरी अडत नाही.

बुकर मिळालं ते सामंथा हार्वी यांच्या ‘ऑर्बिटल’ला. सहा अंतराळवीर, एक दिवस, पृथ्वीभोवती १६ फेऱ्या. पुस्तक छोटं असलं तरी एका बैठकीत उरकू नका. कथानक जवळजवळ नाहीच, सगळा जीव वर्णनात आहे. रात्री दमूनभागून वाचणार असाल, तर ‘जेम्स’च बरी.