नवजात बाळ आणि घराची नवी घडी

दिव्य कुरआनात एका प्रसूतीचे वर्णन मोठ्या तपशिलाने आले आहे. सूरह मरयमच्या २२ ते २६ या आयतींत आदरणीय मरयम (अ.) आपल्या लोकांपासून दूर, अगदी एकट्या आहेत. प्रसूतिवेदना त्यांना खजुराच्या बुंध्यापाशी घेऊन येतात आणि त्या यातनेत, आपण याआधीच मरून विस्मृतीत गेलो असतो तर बरे झाले असते, असे उद्गार त्यांच्या तोंडून निघतात. या उद्गारांबद्दल त्यांना दोष दिला गेला नाही. निवडलेल्या स्त्रीच्या तोंडी असे शब्द शोभत नाहीत, असेही कोणी सुनावले नाही. त्यांना सांगण्यात आले की दुःख करू नये, पायाशी पाण्याचा झरा वाहता केला आहे, बुंधा हलवावा म्हणजे ताजे खजूर पडतील. खावे, प्यावे आणि डोळे निववावेत. आणि कोणी मनुष्य दिसलाच तर त्याला कळवावे की आज मौनाचा रोजा आहे, आज कोणाशी बोलणे नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, या सूचनांचा क्रम थोडा निरखून पाहा. आधी मनाला धीर, मग पाणी, मग अन्न, मग शांतता आणि शेवटी लोकांच्या प्रश्नांपासून सुटका. आदरणीय मरयम (अ.) यांच्यापुढे तर जगातील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहणार होता. तरीही त्याचे उत्तर देण्याचे ओझे त्या बाळंत आईवर टाकले गेले नाही. पुढे पाळण्यातील बाळानेच ते उत्तर दिले. आपल्या घरांत याच्या उलट घडताना दिसते. बाळ घरी येते, सारे घर बाळाभोवती जमते आणि प्रश्न मात्र सगळे आईला विचारले जातात. दूध येते का? बाळ इतके का रडते? सिझेरियन का करावे लागले? रंग कोणावर गेला? ज्या स्त्रीला चार तासांची सलग झोप मिळालेली नाही, तिने प्रत्येक पाहुण्यासमोर पदर सावरून बसावे आणि या प्रश्नांची हसून उत्तरे द्यावीत, अशी अपेक्षा असते.

पाहुण्यांविषयीही कुरआनने आपल्याला अंधारात ठेवलेले नाही. सूरह अन्-नूरच्या २७ व २८ व्या आयतींत परवानगी घेतल्याशिवाय व सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये आणि परत जाण्यास सांगितले तर परत जावे, हेच अधिक निर्मळ आहे, असा आदेश आहे. आपल्याकडे "नंतर या" असे म्हणणे हा अपमान समजला जातो. कुरआन त्याला परतणाऱ्याच्या निर्मळतेशी जोडतो. त्याच सूरहच्या ५८ व्या आयतीत फज्रच्या नमाजपूर्वी, दुपारी आणि इशाच्या नमाजनंतर अशा तीन वेळी घरातील मुलांनी व नोकरांनीसुद्धा परवानगीवाचून आत येऊ नये, असे सांगितले आहे. घरातल्यांसाठी हा नियम असेल, तर भर दुपारी बाळ व आई नुकतीच निजलेली असताना पेढे घेऊन आलेल्या शेजाऱ्यांनी दारातूनच मुबारकबाद देऊन परतण्यात कसला कमीपणा? हे सांगण्याचे काम मात्र बाळंतिणीचे नाही. ते तिच्या पतीचे किंवा घरातील वडीलधाऱ्यांचे आहे.

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू या. सूरह अल-बकराची २३३ वी आयत स्तनपानाविषयी आहे आणि घरात बाळ आले की ती आयत पती-पत्नीने एकत्र बसून अर्थासह वाचावी, असे मी आग्रहाने सुचवतो. तिच्यातील आशय असा: ज्यांना स्तनपानाची मुदत पूर्ण करावयाची आहे, त्यांच्यासाठी ती दोन पूर्ण वर्षांची आहे. या काळात आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी, प्रचलित रीतीप्रमाणे, पित्यावर आहे. कोणावर त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकला जाऊ नये. बाळामुळे आईला त्रास दिला जाऊ नये आणि बाळामुळे पित्यालाही त्रास दिला जाऊ नये. आणि दोघांनी परस्परांच्या राजीखुशीने व सल्लामसलतीने मुदतीपूर्वी दूध सोडवण्याचे ठरवले, तर त्यांच्यावर दोष नाही.

ही आयत कोठे आली आहे, ते पाहण्यासारखे आहे. तिच्या आधी तलाकचे नियम आहेत आणि तिच्यानंतर विधवेच्या इद्दतचा नियम आहे. म्हणूनच अनेक भाष्यकारांनी तिचा मूळ रोख विभक्त झालेल्या आईबापांकडे असल्याचे म्हटले आहे. ज्यांचा संसार मोडला आहे, ज्यांना एकमेकांचे तोंडही पाहावेसे वाटत नसेल, अशा दोघांनासुद्धा अल्लाह सांगतो की बाळाच्या दुधाचा निर्णय दोघांच्या संमतीने व विचारविनिमयाने घ्या. मग एका छताखाली, एका ताटात जेवणाऱ्या पती-पत्नीला हा आदेश किती अधिक लागू पडतो! बाळाचे दूध ही वरवर पाहता किती छोटी बाब. परंतु याच बाबीत कुरआनने "तशावुर" हा शब्द वापरला आहे. तो ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून "शूरा" हा शब्द आला आहे, आणि त्याच शब्दाने समाजाचा कारभार चालवण्याची रीत सांगितली आहे. राज्यकारभारासाठी जी रीत, तीच पाळण्यासाठी.

व्यवहारात काय होते? बाळ दोन रात्री रडले की दादी म्हणते, दूध पुरत नाही, वरचे सुरू करा. नानी म्हणते, आमच्या घराण्यात वरचे दूध कोणी दिलेले नाही. फूफी मधाचे बोट चाटवून जाते. पती दुकानावर असतो आणि आई गप्प असते. या साऱ्यांचे प्रेम निःसंशय खरे आहे. अनुभवही मोलाचा आहे. पण आयतीने निर्णयाचा अधिकार ज्या दोघांना दिला, त्या दोघांनाच कोणी विचारलेले नसते. वडीलधाऱ्यांनी सल्ला जरूर द्यावा, तोही आईच्या समोर व आदराने. आईबापांनी डॉक्टरांचे मत घ्यावे आणि मग दोघांनी ठरवावे. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध पुरेसे असते, त्यात पाण्याचीही गरज नसते, असे वैद्यकशास्त्र सांगते. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देणे तर धोक्याचे आहे, कारण त्यातून होणारी विषबाधा बाळाच्या जिवावर बेतू शकते. तहनीकची सुन्नत चावून मऊ केलेल्या खजुराची आहे. तीही टाळूला लावण्यापुरती, स्वच्छ हाताने आणि डॉक्टरांना विचारून करावी. जन्मघुट्टीच्या बाटल्यांचा व सुन्नतचा काही संबंध नाही.

"बाळामुळे आईला त्रास दिला जाऊ नये" हे शब्द आपण फार सहज वाचून पुढे जातो. त्रास केवळ उपाशी ठेवण्याने होत नाही. रात्री चार वेळा उठलेल्या स्त्रीकडून सकाळी सहा वाजता सर्वांच्या चहाची अपेक्षा करणे, हाही त्रास आहे. सूरह लुकमानच्या १४ व्या आयतीत आईने अशक्ततेवर अशक्तता सोसून मुलाला पोटात वाहिले, असे वर्णन आहे. सूरह अल-अहकाफच्या १५ व्या आयतीत गर्भ व दूध सोडवणे मिळून तीस महिने मोजले आहेत. हा हिशेब अल्लाहने मांडला तो मुलांना आईचे ऋण कळावे म्हणून. पण पतीनेही तो वाचावा. पत्नीचे बाळंतपण सव्वा महिन्यात संपते असे त्याला वाटत असेल, तर कुरआनची मोजणी त्याहून कितीतरी लांब आहे.

हजरत आयशा (रजि.) यांना विचारण्यात आले की अल्लाहचे प्रेषित (स.) घरी काय करीत असत. त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात मदत करीत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला निघून जात. बुखारीतील ही हदीस आपल्या व्याख्यानांत वारंवार येते, पण बाळाचे लंगोट धुताना ती फारशी कोणाला आठवत नाही. आपली नात उमामा (रजि.) हिला खांद्यावर घेऊन पैगंबर (स.) यांनी नमाज अदा केली. सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवीत आणि उभे राहताना पुन्हा उचलून घेत. जमातीत मागून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, तर आईच्या जिवाची घालमेल जाणून ते नमाज आटोपती घेत. ज्यांनी नमाजमध्ये बाळाला जागा दिली, त्यांच्या अनुयायाने रात्रीची एक पाळी स्वतःकडे घेणे मुळीच अवघड नसावे. दूध पाजणे त्याला शक्य नाही. ढेकर काढणे, कपडे बदलणे, खांद्यावर थोपटणे नक्कीच शक्य आहे.

कोकणातील कितीतरी घरांत बाळाचा बाप आखातात असतो आणि बाळाचे पहिले दर्शन त्याला मोबाईलच्या पडद्यावर होते. अशा बापाने पैसे पाठवले की आपले कर्तव्य संपले, असे मानू नये. नफका फर्ज आहे; सल्लामसलतही त्याच आयतीत आहे, आणि ती फोनवरही होऊ शकते. फोन आला की तो आधी पत्नीच्या हातात जावा, तिचे बोलणे झाल्यावर इतरांच्या, इतकी साधी शिस्त त्याने दूर राहूनही घालून द्यावी.

निफासविषयी काही गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. निफास म्हणजे प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा काळ. या काळात नमाज माफ आहे व तिची कजाही नाही. रोजे मात्र नंतर पूर्ण करावे लागतात. हनफी मतानुसार या काळाची कमाल मर्यादा ४० दिवसांची आहे. शाफई मतानुसार, ज्याचे अनुसरण आपले कोकणी बांधव करतात, कमाल मर्यादा ६० दिवसांची असून सर्वसाधारण काळ ४० दिवसांचा मानला जातो. किमान मर्यादा कोणतीही नाही. म्हणून रक्त विसाव्या दिवशी थांबले, तर विसाव्या दिवशीच गुस्ल करून नमाज सुरू करावयाची आहे. चाळीस भरण्याची वाट पाहणे ही केवळ रूढी आहे. तसेच या काळात आई विटाळलेली असते, तिने चुलीकडे जाऊ नये, तिचे ताट वेगळे असावे, या समजुतींना इस्लाममध्ये थारा नाही. हजरत आयशा (रजि.) मासिक पाळीत असताना पैगंबर (स.) त्यांच्या मांडीवर डोके टेकून कुरआन पठण करीत असत, हे बुखारीत नमूद आहे. आणि निफासमध्येही हाच नियम आहे. बाळंतिणीला स्वयंपाकघरापासून दूर ठेवायचे असेल तर तिच्या विश्रांतीसाठी खुशाल ठेवा, अपवित्र म्हणून नव्हे.

एक गोष्ट अधिक गंभीरपणे सांगावयाची आहे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत बऱ्याच स्त्रियांना कारण नसता रडू येते, मन उदास होते. ते सहसा दोन आठवड्यांत ओसरते. परंतु उदासी त्यापुढेही टिकली, झोप व भूक उडाली, बाळाकडे पाहावेसे वाटेनासे झाले, जगणे नकोसे वाटू लागले, तर हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. बाळाचे किंवा स्वतःचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला, तर एक दिवसही थांबू नये. अशा वेळी घरात दोन वाक्ये ऐकू येतात: "नजर लागली" आणि "ईमान कमजोर आहे." नजर सत्य आहे, तिच्यासाठी सूरह अल-फलक व सूरह अन्-नास अवश्य पढा. पण उपचार करण्याचा आदेशही त्याच पैगंबरांचा (स.) आहे. आणि ईमानविषयी बोलणाऱ्यांनी खजुराच्या बुंध्यापाशी निघालेले ते उद्गार पुन्हा एकदा वाचावेत.

अकीका सातव्या दिवशी करावा, ही सुन्नत आहे. ऐपत नसेल तर त्यासाठी कर्ज काढण्याची सक्ती नाही. हॉल, केटरिंग व तीनशे पाहुणे यांचा त्या सुन्नतशी संबंध नाही. मुलगी झाली म्हणून ज्याचा चेहरा काळवंडतो, त्याचे चित्र सूरह अन्-नहलच्या ५८ व्या आयतीत आहे. त्याने आपला चेहरा तेथे पाहून घ्यावा.

राहिले मोठे भावंड. पाळण्याभोवतीच्या गर्दीत त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. सूरह यूसुफची सारी वेदना ८ व्या आयतीतील एका तक्रारीतून सुरू होते: यूसुफ व त्याचा भाऊ आमच्या पित्याला आमच्याहून अधिक प्रिय आहेत. ती तक्रार खरी होती की खोटी, हा वेगळा प्रश्न. पण मुलांना तसे वाटले आणि विहिरीपर्यंत मजल गेली. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एकट्यालाच भेट दिली, तेव्हा पैगंबर (स.) यांनी इतर मुलांविषयी विचारले आणि मुलांमध्ये न्याय करण्यास सांगितले. येणाऱ्या भेटींचा, मांडीचा आणि वेळेचाही न्याय करावा लागतो. "आता तू मोठा झालास" हे वाक्य चार वर्षांच्या मुलाला रोज ऐकवू नका. त्याने ते मागितलेले नव्हते.

हजरत अनस (रजि.) यांचा एक लहान भाऊ होता, अबू उमैर, नुकतेच दूध सुटलेला. त्याने एक चिमणीएवढा पक्षी पाळला होता आणि तो मेला. पैगंबर (स.) त्या घरी येत, तेव्हा त्या मुलाशी थट्टेने बोलत आणि त्याच्या पक्ष्याचे काय झाले, असे विचारीत. मदीनेचा सारा कारभार ज्यांच्या शिरावर होता, त्यांना एका मुलाच्या मेलेल्या पक्ष्याची आठवण होती. तुम्ही पुढच्या वेळी कोणाचे बाळ पाहण्यास जाल, तेव्हा पाळण्याकडे वळण्यापूर्वी दाराआड उभ्या असलेल्या थोरल्याचे नाव घेऊन त्याला हाक मारा, आणि त्याच्या हातात काय आहे ते विचारा.