घराचे माप घ्या, मग कापड फाडा

बोर धरणाच्या वाटेवरची आमची हिंगणी किती बदलली ते घरांवरून कळते. कवेलूची आणि मातीच्या भिंतींची घरे कमी झाली, विटा-सिमेंटची स्लॅबची घरे उभी राहिली. जुन्या घराला एक दार आणि हातभर खिडकी असे. दाराला जुने लुगडे टांगले की काम भागे. नव्या घराला चार-चार फुटांच्या ग्रीलच्या खिडक्या आहेत. त्यांना पडदे हवेत, पलंगाला चादर हवी, गादी हवी. मात्र हा माल घ्यायला गिऱ्हाईक सेलू, वर्धा सोडून नागपूरच्या गांधीबागेत जाते, नाहीतर मोबाईलवर मागवते. मागणी गावात वाढली आणि विक्री गावाबाहेर गेली. असे का झाले, याचा विचार आपण व्यापारी आणि कारागीर बांधवांनी करायला हवा.

आमच्या मते कारण एकच आहे. आपण अजून ताग्यावरून कापड विकतो, घरावरून विकत नाही.

आमची चूक

आमचे वडील गज आणि गिरहवर कापड मोजत. सोळा गिरहचा एक गज, हे आम्ही उर्दू शाळेत जाण्याआधी गादीवर बसून शिकलो. तरीही आमच्या हातून एक चूक झाली. एका गिऱ्हाइकाने दाराच्या पडद्याचे माप तोंडी सांगितले, "सात फूट." आम्ही सुती कापड दुमडीपुरते वाढवून फाडून दिले. पहिल्याच धुण्यात पडदा चार इंच आखडला. ते गृहस्थ भांडायला आले नाहीत. पुढच्या वर्षी मुलीच्या लग्नाचे सगळे कापड मात्र त्यांनी वर्ध्याहून आणले. चार इंचांचा हिशोब आम्हाला असा महाग पडला.

तेव्हापासून आम्ही नवे कापड दुकानात आले की त्याची परीक्षा घेतो. तुकड्यावर उभी-आडवी 20 इंचांची खूण करावी, तो रात्रभर भिजवून वाळवावा आणि पुन्हा मोजावा. 19 इंच भरले तर कापड शेकडा पाच आखडते असे समजावे, आणि तेवढे जास्त कापड गिऱ्हाइकाला आधीच सांगून द्यावे.

खिडकीचा हिशोब

खिडकी चार फूट रुंद, चार फूट उंच आहे असे धरू. दांडी दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच पुढे जाते, म्हणून रुंदी 60 इंच झाली. पडद्याला चुण्या पडायच्या तर कापड दीडपट ते दुप्पट लागते. 48 इंच पन्ह्याचे दोन पाट जोडले की 96 इंच, म्हणजे दीडपटीच्या थोडे वर होतात. जाड कापडाला हे पुरते. पातळ कापड असेल तर तीन पाट घ्यावेत.

आता उंची. खिडकी 48 इंच, वर दांडीपर्यंत 4, खाली 6, दोन्ही दुमडींचे मिळून 8, असे 66 इंच झाले. आखडण्याचे 3 इंच धरले की 69 इंच, म्हणजे पावणेदोन मीटर. दोन पाटांना साडेतीन मीटर, तीन पाटांना सव्वापाच मीटर. हा हिशोब गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडावा. आपण कापड उगीच जास्त फाडत नाही, हे त्याला दिसते.

तयार पडदे बहुधा पाच, सात आणि नऊ फुटांच्या ठरलेल्या लांबीत येतात. गावातील घर मिस्त्रीच्या हातचे असते, त्याची खिडकी त्या मापात बसेलच असे नाही. पार्सलमधून पडदा येतो, फीत घेऊन माणूस येत नाही. आपला फायदा इथेच आहे.

लहान घर, तापलेली भिंत

2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट आहे. एवढ्या जागेत पडदा हीच भिंत असते. लहान खोलीत मोठ्या फुलांचा गडद पडदा दाटी करतो. तिथे फिका रंग आणि बारीक नक्षी सुचवावी. पश्चिमेच्या खिडकीला मात्र आपल्या उन्हाळ्यात जाड, अस्तराचा पडदाच हवा. कूलर ज्या खिडकीत बसतो तिथे पडदा दोन भागांत शिवावा, म्हणजे तो बाजूला सारता येतो आणि हवा अडत नाही.

चुलीजवळ पॉलिस्टर देऊ नये. त्याची ओळख सोपी आहे. सूत जाळले की सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पेटलेला असा पडदा अंगाला चिकटतो.

पलंग आणि गादी

चादर विकताना पलंगाचे माप विचारावे. पाच बाय सहा फुटांच्या पलंगावर पाच इंचांची गादी असेल आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा इंच चादर खाली सोडायची असेल, तर 60 अधिक 30, म्हणजे 90 इंच रुंदी लागते. सहा फूट रुंद पलंगाला 102 लागतात, म्हणून 108 ची चादर द्यावी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. पानिपतचा माल चांगला असला तरी तो पानिपतचा म्हणूनच विकावा.

गादी हा आपल्या पिंजारी-मन्सूरी बांधवांचा जुना धंदा. कमान गेली, विजेचे यंत्र आले. मग फोम आला आणि काम घटले. तरी कापूस आपल्याच जिल्ह्याचा आहे, आणि दबलेली कापसाची गादी उसवून, पिंजून पुन्हा भरता येते. फोम दबला की टाकूनच द्यावा लागतो. हे गिऱ्हाइकाला सांगायला हवे. पण रंगीत चिंध्यांचा भुसा भरून कापसाचे पैसे घेतले तर सांगण्याला अर्थ राहत नाही. टाका मारण्याआधी कापूस दाखवावा, समोर तोलावा, वजन बिलावर लिहावे.

तिघांनी मिळून

दुकानदार, शिंपी आणि गादीवाला हे तिघे वेगवेगळे बसले तर तिघेही गिऱ्हाईक गमावतील. दुकानदाराने घरी जाऊन माप घ्यावे, शिंप्याची मजुरी आणि गादीचा भाव त्याच वेळी सांगावा, आणि प्रत्येक घराचे माप वहीत लिहून ठेवावे. ईद, दिवाळी किंवा लग्नसराईला तेच गिऱ्हाईक आले की वही उघडायची. बोर व्याघ्र प्रकल्पाकडे येणाऱ्यांसाठी कोणी खोल्या बांधत असेल तर त्याचे माप आधी आपल्या वहीत यावे.

भांडवल फार नको. एक फीत, एक वही आणि खरे माप, एवढ्यावर सुरुवात होते.